माशांच्या जिवंत खाद्याबरोबर येणारे आगंतुक जीव

सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचाच पडतो. वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे सांगोला, मंगळवेढा, माढा, करमाळा या भागांतील शेतकऱ्याला पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा वाटतो. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. त्यापूर्वीही डाळिंबाच्या बागांसाठी अनेकांनी शेततळी खणली होतीच. साठविलेल्या या पाण्यात माशांचे बीज वाढवावे, अथवा घराच्या पडवीत सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मोली, सोनेरी मासा यांसारखे शोभेचे मासे पाळावेत, आणि शेतीला चार पैशांची जोड मिळवावी, असा विचार आता बरेच शेतकरी करू लागले आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या संगोपनाचाही समावेश होता.

या धंद्यात नव्याने पडणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो. विकत आणलेली पिल्ले पहिले चार दिवस टाकीत हुंदडताना दिसतात. पिल्लांना कोरड्या कोंड्यापेक्षा जिवंत खाद्य मानवते असे कोणीतरी सांगते, म्हणून शेतकरी गावच्या डबक्यातून बादलीभर बारीक किडे आणून टाकीत ओततो. पिल्ले ते मोठ्या आवडीने खातात. पुढे आठ-दहा दिवसांनी मोजदाद केली असता पाचशेंपैकी जेमतेम दोनशे पिल्ले उरल्याचे आढळते. पाण्यावर मेलेली पिल्ले तर कोठेच तरंगताना दिसत नाहीत. मग ती गेली कोठे? बीज विकणाऱ्याने फसविले, अथवा पक्ष्यांनी खाल्ले, असा तर्क केला जातो. खरा चोर मात्र बहुधा त्याच बादलीतून आलेला असतो.

जिवंत खाद्याबरोबर न बोलाविता येणाऱ्या या जीवांची ओळख, त्यांपासून होणारी हानी आणि ती टाळण्याचे उपाय यांची माहिती या लेखात दिली आहे.

जिवंत खाद्य कशासाठी?

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशाच्या पिल्लाचे तोंड अतिशय लहान असते व त्याची पचनशक्ती अपुरी असते. हलणारे भक्ष्य दिसले की ते त्याकडे झेपावते. स्थिर पडलेला कोंडा त्याच्या लक्षातच येत नाही. तळ्यातील सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणीप्लवंग, हे अशा पिल्लाचे नैसर्गिक अन्न होय. यात रोटिफर हे सर्वांत बारीक असतात. त्यानंतर ‘मोइना’ व ‘डॅफ्निया’ या पाणपिसवांचा क्रम लागतो. पाणपिसू हा जेमतेम तिळाएवढा अथवा त्याहूनही लहान जीव असून तो झटके देत पोहतो. त्यात प्रथिने विपुल असतात. शिवाय न खाल्लेले पाणपिसू मरून पाणी नासवीत नाहीत, तर पोहत राहतात. खाद्य उरले तर पाणी बिघडेल ही भीती त्यामुळे बरीच कमी होते.

यास्तव जिवंत खाद्य सोडून द्यावे असे कोणी सुचविणार नाही. प्रश्न एवढाच की ते कोठून घ्यावे व कसे निवडावे. जोंधळा पेरण्यापूर्वी आपण तो पाखडून घेतो, त्यातील खडे व तणांचे बी वेचून काढतो. जिवंत खाद्यालाही तोच न्याय लावला पाहिजे.

मासे असलेले पाणी व मासे नसलेले पाणी

आगंतुक जीवांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग भक्षकांचा, म्हणजे पिल्लांना धरून खाणाऱ्या कीटकांचा. दुसरा वर्ग परजीवींचा, म्हणजे माशाच्या अंगावर चिकटून रक्तरस शोषणाऱ्या जीवांचा. या दोहोंच्या राहण्याच्या जागा भिन्न आहेत, आणि ही गोष्ट ध्यानात आली की अर्धे काम झाले.

ज्या तळ्यात मासे आहेत, तेथे मोठे कीटक फार माजत नाहीत, कारण मासे त्यांना खातात. परंतु तेथेच माशांच्या उवा व इतर परजीवी यांना आश्रय मिळतो. उलटपक्षी, पावसाने नुकत्याच भरलेल्या डबक्यात अथवा नव्या शेततळ्यात मासे नसतात. त्यामुळे माशांवर जगणारे परजीवीही सहसा नसतात. तथापि, खाणारा कोणी नसल्यामुळे चतुराच्या अळ्या, पाणभुंगेरे व पाणढेकूण यांना तेथे मोकळे रान मिळते.

मग यांपैकी कोणते पाणी पसंत करावे? उत्तर निःसंशय आहे. मासे नसलेले पाणी निवडावे. भक्षक कीटक डोळ्यांना दिसतात व जाळीने गाळून वेगळे काढता येतात. परजीवींची पिल्ले मात्र पाणपिसवांएवढीच किंवा त्यांहूनही लहान असतात. ती कोणत्याही जाळीने निवडता येत नाहीत. म्हणून सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव, उजनीचा जलाशय किंवा गावचा मासे असलेला पाझर तलाव येथून पिल्लांसाठी जिवंत खाद्य आणू नये. गटारे व सांडपाण्याचे ओढे तर सर्वस्वी वर्ज्य समजावेत. तेथील चिखलात लाल रंगाचे बारीक कृमी व अळ्या विपुल सापडतात आणि मासेही त्या आवडीने खातात. परंतु त्यांबरोबर घाण, रोगजंतू व विषारी द्रव्ये टाकीत शिरतात.

भक्षकांची ओळख

चतुराची अळी. पावसाळ्यात माळावर व बांधावर पिवळसर रंगाचे चतुर थव्याथव्याने उडताना सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतील ‘पँटाला’ जातीचा चतुर पावसाबरोबर येतो आणि पावसाने साचलेल्या ताज्या पाण्यात अंडी घालतो. हे चतुर भारतातून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात असावेत, असे अनुमान चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. अशा लांबच्या प्रवाशाला आपले शेततळे हे आयतेच पाळणाघर मिळते. त्याची अळी सहा-आठ आठवड्यांत पूर्ण वाढते. ती मळकट तपकिरी, चपटी व सहा पायांची असते. तिच्या तोंडाखाली घडी घातलेला एक लांब ओठ असून भक्ष्य जवळ येताच तो विजेच्या वेगाने पुढे येतो व पिल्लू पकडतो. ती तळाशी निश्चल दबा धरून बसते, त्यामुळे सहज दिसत नाही. टाचणीची अळी सडपातळ असते व तिच्या शेपटाशी तीन पाने असतात. तीही लहान पिल्ले खाते.

पाणभुंगेरा व त्याची अळी. भुंगेरा काळसर, लंबगोल व गुळगुळीत असतो. त्याची अळी त्याहून क्रूर. तिचे जबडे विळ्यासारखे वाकडे व आतून पोकळ असतात. ते पिल्लाच्या अंगात रुतवून ती पाचकरस सोडते व विरघळलेले मांस शोषून घेते.

पाणढेकूण व पाणविंचू. पाठीवर उताणा पोहणारा बारीक पाणढेकूण शेततळ्यात हजारोंच्या संख्येने आढळतो. त्याची सोंड टोकदार असते. लहान पिल्लांवर तो तुटून पडतो. मोठा पाणढेकूण व काडीसारखा लांब पाणविंचू हे तर बोटभर माशालाही सोडीत नाहीत. हे हाताला कडाडून चावतात, म्हणून त्यांना उघड्या हाताने धरू नये.

जलव्याल. यालाच हायड्रा म्हणतात. हा अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचा, धाग्यासारखा जीव टाकीच्या भिंतीला चिकटून राहतो. त्याच्या टोकाला बारीक शुंडके असतात व त्यांना दंश करण्याची शक्ती असते. मोठ्या माशांना त्यापासून भय नाही. परंतु नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तो मारतो. शिवाय पिल्लांसाठी टाकलेले पाणपिसू स्वतः फस्त करतो. अंगाला कोंब फुटून त्याची संख्या झपाट्याने वाढते.

सायक्लोप्स. हा पाणपिसवांच्याच कुळाशी नाते सांगणारा, एकच डोळा असलेला सूक्ष्म जीव होय. मादीच्या शेपटाजवळ दोन अंडपिशव्या लोंबतात, त्यावरून तो भिंगाखाली चटकन ओळखू येतो. वाढलेल्या पिल्लांना हे उत्तम अन्न आहे. परंतु दोन-चार दिवसांच्या मत्स्यजिऱ्यांना मोठ्या जातींचे सायक्लोप्स उलट चावा घेतात. एकच जीव आज शत्रू व आठवड्याने अन्न ठरतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परजीवींची ओळख

माशाची ऊ अथवा अर्ग्युलस. ही चपटी, वाटोळी व मसुरीच्या डाळीएवढी असते. तिला चिकटण्यासाठी दोन वाटीसारखे चोषक असतात. ती माशाच्या कातडीत सुई खुपसून रक्तरस पिते. मासे टाकीच्या भिंतीवर अंग घासू लागले, उसळ्या मारू लागले, अंगावर तांबडे ठिपके दिसू लागले, की उवेचा संशय घ्यावा. ही ऊ मासा सोडून काही दिवस पाण्यात मोकळी पोहू शकते. त्यामुळेच ती खाद्याच्या बादलीतून प्रवास करते. अंडी मात्र दगड, लाकूड, भिंत अशा कठीण वस्तूंवर ओळीने चिकटविते.

अंकुशकृमी अथवा लर्निया. याची मादी माशाच्या अंगात नांगरासारखे डोके रुतविते व बाहेर फक्त दोऱ्यासारखे शरीर लोंबते. याची पिल्ले पाण्यात मोकळी फिरतात व गाळण्यातून सहज निसटतात.

जळू. जळवा कधी स्वतः, तर कधी पाणवनस्पतींना चिकटलेल्या कोशांच्या रूपाने येतात. खाद्य गोळा करताना शेवाळ व वनस्पती मुळीच बरोबर घेऊ नयेत, याचे हे एक कारण होय.

याखेरीज गोगलगाई, बेडूकमासे व डासांच्या अळ्याही येतात. गोगलगाई थेट मासे मारीत नाहीत. परंतु काही परजीवी कृमींचे जीवनचक्र गोगलगाईवाचून पुरे होत नाही, म्हणून त्यांना थारा देऊ नये. डासांच्या अळ्यांविषयी पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

नारूने शिकविलेला धडा

पाण्याबरोबर चोरपावलांनी येणारा जीव किती घात करू शकतो, हे महाराष्ट्रातील जुन्या पिढीला निराळे सांगावे लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरीतील पाणी पिणाऱ्या गावांत नारूचा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. नारूची सूक्ष्म अळी सायक्लोप्सच्या पोटात राही, सायक्लोप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई, आणि वर्षभराने हातभर लांबीचा कृमी पायातून बाहेर पडे. ऐन सुगीत माणूस खाटेला खिळे. या रोगावर ना लस होती ना खात्रीचे औषध. १९८३-८४ च्या सुमारास भारतात नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाणी कापडाने अथवा बारीक जाळीने गाळून प्यावे, पायऱ्यांच्या विहिरी बदलाव्यात, नारू झालेल्याने पाण्यात पाय बुडवू नये, अशा साध्या गोष्टी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन समजावून दिल्या. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

गाळण्याच्या एका फडक्याने एवढा मोठा रोग हटविण्यास हातभार लावला. माशांच्या टाकीपुरते पाहिले, तर तेच फडके येथेही उपयोगी पडते. प्रश्न फक्त ते नियमाने वापरण्याचा आहे.

खाद्य गाळण्याची व निवडण्याची रीत

साहित्य घरचेच पुरते. मच्छरदाणीच्या जाळीचा एक तुकडा, धुतलेल्या मलमलीचा एक तुकडा, दोन बादल्या, एक पांढरी थाळी, एक साधे भिंग व प्लॅस्टिकची बारीक नळी एवढे जवळ असावे.

१. खाद्य सकाळी लवकर गोळा करावे. काठाच्या गवतातून अथवा तळाच्या गाळातून जाळे फिरवू नये. भक्षक कीटक बहुतांशी तेथेच दडतात. मोकळ्या पाण्याच्या वरच्या थरातून जाळे हळू ओढावे.

२. आणलेले पाणी प्रथम मच्छरदाणीच्या जाळीतून बादलीत ओतावे. पाणपिसू जाळीतून खाली उतरतात. भुंगेरे, ढेकूण, बेडूकमासे व मोठ्या अळ्या वर अडकतात. जाळीवरील जीव पाण्यात परत न टाकता कोरड्या जमिनीवर टाकावेत.

३. गाळलेले पाणी अर्धा तास स्थिर ठेवावे. बादलीवर फडके झाकून एका बाजूने थोडा उजेड येऊ द्यावा. पाणपिसू सौम्य उजेडाकडे गोळा होतात. लहान चतुर-अळ्या व गाळ तळाशी राहतात.

४. उजेडाकडील पाणी नळीने दुसऱ्या बादलीत ओढून घ्यावे. तळाचे पाणी घेऊ नये.

५. हे पाणी आता मलमलीतून गाळावे. पाणपिसू वर राहतात. ते स्वच्छ पाण्यात दोन वेळा धुवावेत. नळाचे पाणी असल्यास ते आदल्या दिवशी भरून ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरिन निघून जाते.

६. शेवटी थोडेसे खाद्य पांढऱ्या थाळीत घेऊन भिंगाने पाहावे. झटके देत पोहणारे ते पाणपिसू. सरळ रेषेत सरपटणारे, चपटे, वळवळणारे अथवा चिकटून बसणारे जे काही दिसेल ते संशयित समजावे. शंका आली तर ते खाद्य पिल्लांना न घालता मोठ्या माशांना घालावे. मोठे मासे बहुतेक कीटक खाऊन टाकतात. मात्र ते पाणी मासे असलेल्या तळ्यातले असेल, तर मोठ्या माशांनाही देऊ नये.

या सर्व कामास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्यातील बराचसा वेळ पाणी स्थिर राहण्यातच जातो. एवढ्या श्रमात पाचशे पिल्लांचा बचाव होत असेल तर सौदा महाग नाही.

घरच्या घरी स्वच्छ पैदास

बाहेरून वारंवार खाद्य आणण्यापेक्षा एकदाच निवडून आणावे व पुढे घरीच पैदास करावी, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. मोइनाची मादी अनुकूल काळात नराशिवाय पिल्ले देते. त्यामुळे भिंगाखाली पाहून, ड्रॉपरने उचललेल्या दहा-वीस माद्यांपासून सगळी पैदास उभी करता येते. प्रत्येक मादी डोळ्यांदेखत निवडलेली असल्यामुळे आगंतुकांना शिरकाव राहत नाही.

याकरिता शंभर लिटर पाण्याची टाकी सावलीत ठेवावी. सुमारे २ ते ४ ग्रॅम पावासाठी वापरतात ते यीस्ट कोमट पाण्यात कालवून त्यात घालावे. पाणी किंचित गढूळ दिसावे, दाट नव्हे. दुसऱ्या दिवशी निवडलेल्या माद्या सोडाव्यात. पाणी निवळू लागले म्हणजे पुन्हा थोडे यीस्ट घालावे. जास्त घातल्यास पाणी नासते व सर्व मोइना एका रात्रीत मरतात. नवख्यांचे नुकसान बहुधा या अतिरेकानेच होते. माद्या भरपूर सोडल्यास पाच ते दहा दिवसांत पाणी मोइनांनी भरते. मोजक्या माद्यांपासून सुरुवात केल्यास अधिक दिवस धीर धरावा. रोज एक चतुर्थांशापेक्षा अधिक मोइना काढू नयेत. एकाऐवजी दोन टाक्या ठेवाव्यात, म्हणजे एक बिघडली तरी बी शिल्लक राहते.

टाकीचे तोंड मच्छरदाणीने घट्ट बांधणे अत्यावश्यक आहे. त्यामुळे चतुर, भुंगेरे व ढेकूण यांना अंडी घालण्यास वाव मिळत नाही. परंतु याहून मोठे कारण डासांचे आहे. डेंग्यू पसरविणारा डास घराजवळच्या स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो व त्याची पिढी साधारण आठ-दहा दिवसांत तयार होते. माशांसाठी म्हणून ठेवलेली उघडी टाकी घरात आजार आणील, तर तो धंदा कोणाच्या कामाचा? आरोग्य खात्याने सांगितलेला आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ घरातील इतर भांड्यांसाठी पाळावाच. पैदाशीची टाकी दर आठवड्याला रिकामी करणे शक्य नसते. म्हणून ती झाकलेली ठेवावी व आठवड्यातून एकदा थाळीत पाणी घेऊन तपासावी. अळी दिसल्यास पाणी मच्छरदाणीच्या जाळीने गाळावे व अडकलेल्या अळ्या माशांना खाऊ घालाव्यात. जाळीतून निसटणाऱ्या बारीक अळ्यांसाठी दोन-तीन दिवसांनी पुन्हा गाळावे.

डाळिंबाच्या बागेतील शेतकऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. पाणपिसू कीटकनाशकांना अतिशय नाजूक असतात. फवारणीचे तुषार टाकीत उडाले, अथवा फवारणीच्या हातांनी जाळी धुतली, तरी सर्व पैदास नष्ट होते. आगंतुक कीटक मारण्यासाठी शेतीचे कीटकनाशक तळ्यात टाकण्याचा मोह कोणीही धरू नये. त्यात पिल्लेही मरतील.

संगोपन तळ्याची तयारी

मत्स्यजिरे सोडावयाचे लहान तळे मोठ्या प्रमाणावर असेल, तर प्रत्येक कीटक गाळून काढणे शक्य नसते. अशा वेळी तळे आधी पूर्ण वाळवावे व बीज सोडण्याच्या बेताने थोडेच दिवस आधी भरावे. महिना-दीड महिना आधी भरून ठेवलेल्या तळ्यात चतुर-अळ्या पिल्लांच्या आधीच मोठ्या होऊन बसतात. पाणी भरताना नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. काठाचे गवत काढून टाकावे.

बीज सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास साबण व तेल यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. शिफारस हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल व १८ किलो साबण अशी आहे. म्हणजे एका गुंठ्याच्या तळ्यास सुमारे ५६० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण पुरे होतो. साबण पाण्यात विरघळवून त्यात तेल घुसळावे व वारा पडलेला असताना शिंपडावे. पाण्यावर तवंग येतो आणि श्वासासाठी वर येणारे भुंगेरे, ढेकूण व पाणविंचू गुदमरून मरतात. ज्या तळ्याचे पाणी जनावरे पितात तेथे हा उपाय करू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चतुराची अळी पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेते. ती हवेसाठी वर येत नाही. म्हणून तेलाच्या तवंगाने ती मरत नाही. ‘तेल मारले, तरी पिल्ले गेली’ अशी तक्रार जेथे येते, तेथे बहुधा हेच कारण असते. तिच्यावर तळे वाळविणे, उशिरा भरणे व बारीक जाळे वरचेवर ओढून अळ्या वेचणे हेच उपाय होत.

आगंतुक शिरलेच तर

प्रथम लक्षणावरून कारण ओळखावे. पिल्ले नाहीशी होत असतील व प्रेते दिसत नसतील, तर भक्षकाचा संशय घ्यावा. पहाटे पिल्ले पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला असे समजावे. मासे अंग घासत असतील, तर परजीवी शोधावेत. कारण न ओळखता औषध टाकणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

टाकीत भक्षक असल्यास पिल्ले काढून दुसऱ्या टाकीत हलवावीत व पहिली टाकी रिकामी करून, घासून, कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवावी. सोलापूरचे ऊन येथे औषधाचे काम करते. जलव्यालावरही हाच उपाय खात्रीचा आहे.

माशांवर जळवा अगर उवा दिसल्यास मोठ्या माशांना १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ या प्रमाणात दोन-तीन मिनिटे बुडवून काढावे. मासा कलंडू लागल्यास तत्काळ स्वच्छ पाण्यात सोडावा. चिकटून राहिलेल्या उवा चिमट्याने काढाव्यात. उवांनी पछाडलेल्या तळ्यात बांबूच्या कांबी अथवा लाकडी फळ्या उभ्या कराव्यात. उवा त्यांवर अंडी घालतात. दर आठवड्याला फळ्या काढून उन्हात वाळवाव्यात व पुन्हा लावाव्यात. ही युक्ती बिनखर्चाची असून अंडी फुटण्यापूर्वीच त्यांचा नाश करते.

आपल्याकडून बाहेर जाणारे आगंतुक

आतापर्यंत बाहेरून आत येणाऱ्या जीवांचा विचार झाला. परंतु आपल्या टाकीतून बाहेर जाणारे जीवही तितकेच घातक ठरू शकतात. पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा केले जाई व त्यात नको त्या जातींची पिल्लेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओरिसातील अंगुल येथे इंजेक्शन देऊन कार्प माशांची प्रेरित पैदास यशस्वी केली आणि खात्रीचे, निर्भेळ बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

निर्भेळ बीजाचे मोल काय, हे भीमेवरील उजनी जलाशयाकडे पाहिल्यास कळते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या काठी माढा, करमाळा व इंदापूर तालुक्यांतील असंख्य मच्छीमार कुटुंबे पोट भरतात. तेथे ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेतील. या कुळातील मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि पाहता पाहता देशभरच्या जलाशयांत पसरला. शोभेचा म्हणून काचेच्या पेटीत पाळला जाणारा सकर मासाही कोणीतरी ओढ्यात सोडून दिल्यामुळेच भारतातील अनेक जलाशयांत शिरला. तो जाळी फाडतो व बाजारात त्यास मोल नाही. आफ्रिकी मांगूर तर देशी मासे फस्त करतो. त्याच्या संवर्धनास केंद्र शासनाने बंदी घातलेली आहे.

म्हणून टाकीतील जुने पाणी, जादा मासे, गोगलगाई व वनस्पती ओढ्यात, तलावात किंवा कालव्यात सोडू नयेत. पाणी झाडांच्या आळ्यात अथवा परसातील भाजीला द्यावे. ते खत म्हणूनही उपयोगी पडते. डासांसाठी सोडावयाचे गप्पी मासेही हौद व टाक्यांपुरतेच ठेवावेत.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय व्याख्यानाने नव्हे, तर थाळीने समजावून द्यावा. पावसाळ्यात एखाद्या शेततळ्यावर शेतकऱ्यांना व बचत गटातील भगिनींना एकत्र बोलावून जाळेभर पाणी पांढऱ्या थाळीत ओतावे व प्रत्येकाच्या हाती भिंग द्यावे. काचेच्या एका बरणीत चतुराची एक अळी व माशाची चार-पाच पिल्ले ठेवावीत. थोड्याच वेळात ओठ पुढे झेपावून पिल्लू धरले जाते. हे एकदा पाहिलेला माणूस न गाळलेली बादली पुन्हा टाकीत ओतणार नाही.

त्या वेळी पुढील पाच गोष्टी सर्वांकडून म्हणवून घ्याव्यात.

जिवंत खाद्य मासे नसलेल्या स्वच्छ पाण्यातूनच घ्यावे.
ते दोन जाळ्यांतून गाळावे व थाळीत पाहावे.
शक्य तितक्या लवकर घरची पैदास सुरू करावी आणि ती झाकून ठेवावी.
नवे मासे व नव्या वनस्पती दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच इतरांत मिसळाव्यात.
टाकीतील कोणताही जीव नदी-ओढ्यात सोडू नये.

अवर्षणाच्या प्रदेशात पाणी साठविणे हेच मोठे कष्टाचे काम आहे. त्या पाण्यात सोडलेले प्रत्येक पिल्लू शेतकऱ्याच्या कष्टाचा वाटेकरी असते. ते आगंतुकाच्या तोंडी जाऊ द्यावयाचे की बाजारापर्यंत पोहोचवावयाचे, याचा निर्णय बादली टाकीत ओतण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात होत असतो.